गोंदरवाडीचं दूध

मंगळवारी सकाळी दूध आलं नाही. झालं ते एवढंच. अठ्ठेचाळीस सालच्या त्या श्रावणात लातुरात काय काय होत नव्हतं. निजामाचं राज्य दिल्लीला मिळायचं नाही म्हणून अडून बसलं होतं, खाकी टोपीवाले रझाकार रस्त्यातून टाचा आपटत फिरत होते, माणसं बायकापोरांना घेऊन बार्शीकडे निघून जात होती, आणि एखाद्या ओळखीच्या घराला कुलूप दिसलं की मान खाली घालून पुढं जायची आम्हा सगळ्यांना सवय झाली होती. पण माझ्या हॉटेलात दूध आलं नाही असं अकरा वर्षांत कधी झालं नव्हतं. गुणाबाई गोंदरवाडीहून दीड कोस चालत यायची, ओढ्याला पाणी असलं की घागर डोक्यावर धरून यायची. नवरा वारला तेव्हा चौथ्या दिवशी आली होती, आणि त्या दिवशीही दुधात पाणी होतंच. मी बोट बुडवून बघायचो आणि म्हणायचो, "गुणाबाई, म्हैस काय ओढ्यात उभी करून पिळतीस का?" ती खंडोबाची शपथ घ्यायची. मग मी दूध मापून घ्यायचो. असं रोज. त्यामुळे त्या सकाळी दुधापेक्षा ही बोलाचाली चुकल्यासारखी वाटली, आणि चुलीवरचं आधण उकळून उकळून निम्मं झालं तरी मी दारातच उभा राहिलो.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते माणिकप्पा. त्याचं अडतीचं दुकान माझ्या हॉटेलासमोर होतं आणि दिवसातला बराच वेळ ते रिकामंच असे, कारण माणिकप्पा माझ्याकडे असे. त्याच्यापुढं मी बिनदुधाचा चहा ठेवला. त्यानं कपात पाहिलं आणि कुणाच्या घरचं आजारपण सांगावं तसं सांगितलं, "गोंदरवाडी मोकळी झाली म्हनं, महाराज. आमचा गाडीवान तिकडूनच आला. चुली थंड. माणूस न्हाई, ढोर न्हाई. समदे काल सांजच्यालाच जोंधळ्यात जाऊन बसलेत."

"का पण?"

"आज सकाळी रझाकार येनार हायत म्हनं. एक एक घर बघनार हायत. रेडिओवर सांगितलं म्हनं." मग त्यानं कप खाली ठेवला. "आइतवारच्या रेडिओवर."

रविवारी माझा रेडिओ बंद होता, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. त्यातला वाल्व शुक्रवारीच जळला होता. रविवारचा रेडिओ मी होतो.

आता हे सांगायचं तर रेडिओपासून सांगावं लागेल, आणि रेडिओपासून सांगायचं म्हटलं की मी आपली बाजू सावरायला लागतो, हे मला कळतं. तो सेट उदगीरचे एक वकील गाव सोडताना माझ्याकडे ठेवून गेले होते. तो चालता केला गुलाम रसूलनं. गुलाम रसूल घड्याळं दुरुस्त करायचा, आम्ही एका बाकावर शिकलो होतो, आणि माझ्या हॉटेलात त्याचा कप वेगळ्या खिळ्याला असे, ह्यात आम्हा दोघांनाही तेव्हा काही वावगं दिसत नव्हतं. सेटच्या पाठीमागची एक तार काही केल्या जागेवर बसत नव्हती. झाळ धरेना, दोरा बांधून भागेना. शेवटी ती अंगठ्यानं दाबून धरायची असं ठरलं. मग रोज संध्याकाळी सात वाजता सेट आतल्या खोलीच्या खिडकीत, माणसं बाहेर बाकांवर आणि थेट रस्त्यापर्यंत, मी बटनापाशी, आणि सेटच्या मागे भिंतीला टेकून, तारेवर अंगठा ठेवून गुलाम रसूल. हैदराबादचं स्टेशन लागायचं. बातम्या व्हायच्या, आणि मग रझाकारांच्या कुणा ना कुणा पुढाऱ्याची तकरीर. दिल्ली चार दिवसांची आहे, तलवार म्यानात ठेवायची नाही, गद्दारांना वेचून काढायचं. आवाज असा की कप खिळ्यावर हलावेत. आणि आम्ही हसायचो. खरंच हसायचो. त्याचा दम कुठं लागतो, तो "गद्दार" म्हणताना मध्ये कसा थांबतो, हे आम्हाला पाठ झालं होतं आणि तो थांबला की माणिकप्पा हळूच पुढचा शब्द आधी म्हणायचा. मागच्या बाकावर दोन खाकीवाले बसायचे, ते मात्र खुशीनं मान डोलवायचे. एकाच हॉटेलातली माणसं एकाच भाषणाला दोन कारणांनी खूश आहेत, ह्याची मला फार गंमत वाटायची.

हे कशाला लावता, असं पाच महिन्यांत मला एकट्या चंद्रप्रभेनं, माझ्या बायकोनं, विचारलं. मी तिला म्हणालो, लोकांना कळायला नको का समोरचा काय म्हणतो? आणि आपण काही एकच लावत नाही, दोन्ही बाजू लावतो. त्यात खोटं काही नव्हतं. दिल्लीचं स्टेशन आम्ही तकरीर झाल्यावर, दार लावून, माजघरात, सेटवर गोधडी टाकून, कान चिकटवून ऐकायचो, आणि हैदराबादचं बाहेर, खिडकी उघडून, बटन शेवटपर्यंत फिरवून. ह्याला मी दोन्ही बाजू म्हणत असे. शिवाय मी एक वाक्य शोधून काढलं होतं आणि ते मला फार आवडायचं: पेटी माझी, बोल त्याचे. हे मी गल्ल्यावर बसून इतक्यांदा म्हणालो की पुढं पुढं कुणी काही विचारलं नसतानाही म्हणायला लागलो.

शुक्रवारी वाल्व गेला. गुलाम रसूल म्हणाला, तो नांदेडलाच मिळेल. तिथं त्याचा साला हनीफ रेल्वेच्या वर्कशॉपात आहे, तो कुठून तरी पैदा करेल. शनिवारी सकाळच्या मोटारीनं तो गेला. आणि शनिवारी संध्याकाळी सात वाजता माणसं सवयीनं येऊन बसली. मुका सेट खिडकीत. कुणी उठेना, कुणी बोलेना. लग्नाला यावं आणि नवरदेवच नसावा तसं झालं. तेव्हा माणिकप्पा म्हणाला, "महाराज, तुम्हीच करा की. तुम्हाला समदं पाठ हाय."

इथं माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. तरुणपणी मी गणपतीच्या मेळ्यात कामं केली आहेत आणि मला प्रत्येक वेळी राक्षसाचं काम मिळायचं. आवाज पहाडी. नंतर बारा-पंधरा वर्षं तो आवाज "दोन चाय, एक भजी" एवढ्यावर वाया गेला. मी आत जाऊन सेटच्या मागे, गुलाम रसूलच्या जागेवर बसलो. ग्रामोफोनचा जुना कर्णा तोंडाला लावला आणि पुढारी सुरुवात करायचा तशी केली, "बिरादराने मिल्लत!" बाहेर असा हशा उसळला की माझ्या अंगावर शहारा आला. तो शहारा मी विसरणार नाही. त्या शनिवारी मला माझं गाव माझ्या तोंडाकडे कान लावून बसलेलं दिसलं, म्हणजे दिसलं नाही, मी भिंतीकडे तोंड करून बसलो होतो, पण पाठीला कळलं. रविवारी सकाळी मी दाढी करताना आरशात तालीम करत होतो. चंद्रप्रभा दारात येऊन उभी राहिली. तिनं पुरतं ऐकलं आणि म्हणाली, "रामाच्या आरतीला तुमचा आवाज असा कधी लागत नाही." मी ते कौतुक समजलो.

आणि रविवारी मी वाढवलं. रोज तेच तेच काय करायचं? सकाळीच माझं गुणाबाईशी पाण्यावरून वाजलं होतं, ते डोक्यात होतं. तकरीर रंगात आली तसा मी श्वास घेतला, नेमका जिथं तो थांबतो तिथं थांबलो, आणि कर्ण्यातून म्हणालो, "सुन लो! परसों सुबह हम गोंदरवाडी पहुंच रहे हैं! एक एक घर देखेंगे! एक एक हंडी देखेंगे! और जिस हंडी में दूध से ज्यादा पानी निकला…" पुढचं मलाच ऐकू आलं नाही. माणिकप्पाला ठसका लागला, कुणीतरी बाकावरून खाली पडलं. त्याच वेळी खिडकीच्या फटीतून मला रस्त्यावर ते दोघे खाकीवाले दिसले. सेट बिघडल्याचं त्यांना ठाऊक नसावं. ते थांबले, "एक एक घर" पर्यंत ऐकलं, मान डोलावली आणि समाधानानं पुढं गेले. मला अभिमान वाटला. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. ज्यांचं सोंग घेतलं त्यांनाही ते खरं वाटलं, ह्याहून नटाला काय पाहिजे? रस्त्यावर आणखी कोण उभं होतं ते मी पाहिलं नाही. गुणाबाईचा पुतण्या मलप्पा बाजारातून पेंड घेऊन चालला होता. त्याला उर्दू येत नाही. पण आपल्या गावाचं नाव कळायला उर्दू यावं लागत नाही, आणि "परसों", "सुबह", "एक एक घर" एवढं तोवर आमच्या भागात सगळ्यांनाच येऊ लागलं होतं. म्हशीला कळेल इतक्यांदा ते मीच तर ऐकवलं होतं.

मंगळवारी दुपारी गुलाम रसूल आला. नांदेडच्या मोटारीतून उतरला तो छातीशी धरलेली एक डबी घेऊन. डबीत कापूस, कापसात वाल्व. "हनीफनं दिला, यार. अंड्यासारखा सांभाळून आणला," म्हणाला आणि नेहमीसारखा हसला. मी त्याला सगळं सांगितलं. सांगता सांगता ते कसं गमतीनं झालं ह्यावर जास्त आणि काय झालं ह्यावर कमी बोलतोय, हे माझं मलाच ऐकू येत होतं. पेटी माझी, बोल त्याचे, हे वाक्य ओठांवर आलं आणि तिथंच राहिलं. ह्या वेळी पेटी बंद होती.

"करून दाखव," गुलाम रसूल म्हणाला.

"आता?"

"हाव. माझ्यासमोर कर."

मी केलं. रिकाम्या हॉटेलात, भर दुपारी, माझ्या बालमित्राच्या तोंडासमोर. त्यानं घड्याळ कानाला लावून ऐकतात तशी मान वाकडी करून ऐकलं. "गद्दार" च्या आधी मी थांबलो तेव्हा त्यानं डोळे मिटले. "हुबेहूब," तो म्हणाला. मग वाल्वची डबी फडताळात ठेवली आणि म्हणाला, "चल गोंदरवाडीला."

वाट चिखलाची होती. निम्म्या वाटेत त्यानं डोक्यावरची रुमी टोपी काढून खिशात कोंबली. सबंध वाटेत आम्ही फक्त चपलांबद्दल बोललो, की त्या हातात घ्याव्यात की पायात ठेवाव्यात. गोंदरवाडीत खरंच कुणी नव्हतं. एका दारात परातीत कालवलेलं पीठ तसंच होतं आणि कोंबड्या त्यात पाय देऊन फिरत होत्या. गुणाबाईच्या म्हशीचा खुंटा मोकळा. मला मेळ्यातला राक्षस आठवला. तो गावात येतो तेव्हा गाव असंच रिकामं दाखवायचे, पण तिथं पडदा असायचा आणि पडद्यामागं मंडळी विड्या ओढत बसलेली असायची. गावाबाहेर जोंधळा डोक्याच्या वर गेलेला. गुलाम रसूल बांधावरच थांबला. "मी पुढं येत न्हाई," म्हणाला, "मला बघून अजून आत जातील." बारशाला, लग्नाला ह्याच गावात जेवून गेलेला माणूस. हे तो अगदी साधेपणानं म्हणाला, आणि मला त्या वेळी पहिल्यांदा त्या पाच महिन्यांची लाज वाटली.

मी जोंधळ्याकडे तोंड करून ओरडलो, "गुणाबाई! मी रेणुकादास! हॉटेलवाला! कुणी येनार न्हाई! रेडिओ बंद होता, मीच बोललो होतो!" जोंधळा गप्प. कुठंतरी एक रेडकू हंबरलं आणि कुणीतरी त्याचं तोंड दाबलं. मी पुन्हा ओरडलो. कुणाचा विश्वास बसेना, आणि का बसावा? असं सांगून बाहेर काढतातच. तेव्हा मला वाटलं, पुरावा द्यायला पाहिजे. मी छाती भरून घेतली आणि त्या शेतासमोर, त्याच आवाजात, त्याच ठेक्यात, ती सगळी तकरीर म्हणायला लागलो. "बिरादराने मिल्लत!" म्हणताच समोरचा जोंधळा हलला. "परसों सुबह" म्हणेपर्यंत ती हालचाल लांब लांब, ओढ्याच्या दिशेनं सरकत गेली. माणसं दिसत नव्हती. नुसती कणसं वाकत होती आणि पुन्हा सरळ होत होती. मागे बांधावर गुलाम रसूल हंबरडा फोडावा तसा ओरडला, "अरे थांब! थांब, बेवकूफ!" मी थांबलो. त्या दिवशीइतका माझा आवाज कधीच लागला नव्हता.

मग एका बाजूनं गुणाबाई बाहेर आली. एकटीच. पदर कमरेला खोचलेला, गुडघ्यापर्यंत चिखल, हातात विळा. रात्रभर पावसात बसून तिचे ओठ काळेनिळे झाले होते.

"तूच बोलत हुतास?" तिनं विचारलं.

"हाव, गुणाबाई. मीच. नक्कल होती. म्हणजे आता भ्यायचं काही कारण नाही."

"मंग तर लईच भ्याया पायजे," ती म्हणाली. "त्यो रेडिओवाला रोज वरडतो. आमी कवा पळालो का? त्याला आमची वाडी कुटं हाय ते ठाव न्हाई. तुला ठाव हाय. कुनाच्या घरात काय हाय ते ठाव हाय." तिचा आवाज चढला. "सुनंला आठवा महिना हाय माज्या. चिखलात बसवली तिला रातभर. कशापायी? आं?"

मी खालच्या मानेनं म्हणालो, "दुधात पाणी घालतीस म्हणून."

मला वाटलं विळा येतो आता. "घालते," ती म्हणाली. "हाव, घालते पानी. म्हून गाव उठवलास व्हय रं?" आणि ती खाली चिखलात बसली आणि रडायला लागली. मीही तिच्यासमोर बसलो. जरा वेळानं गुलाम रसूल आला, त्यानं खिशातून टोपी काढून पुन्हा डोक्यावर घातली, आणि दोघं मिळून आम्ही तिच्या सुनेला मलप्पाच्या गाडीत घालून घरी आणलं. मलप्पा बैल धरून पुढं चालत होता. त्यानं एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

परतताना मी गुलाम रसूलला म्हणालो, "एक विचारू? इतके दिवस तू मागे बसायचास. तू हसायचास का?"

"तू कधी वाकून बघितलं न्हाईस," तो म्हणाला. मग बरंच अंतर चालल्यावर म्हणाला, "पण तार मीच धरत होतो, रेणू. अंगठा काढला असता तर बंद पडला असता. रोज वाटायचं, आज काढू. मग वाटायचं, लोक म्हणतील गुलाम रसूलचं काम कच्चं." तो थोडा हसला. "आन् तसंही, तार सुटली तर लोक बिघाड म्हणतात. बटन बंद केलं तर बिघाड म्हणत न्हाईत. बटन तुझ्याकडं हाय."

संध्याकाळी त्यानं वाल्व बसवला. सेटमध्ये तांबूस उजेड आला. माणसं तर नेहमीपेक्षा जास्त होती. गोंदरवाडीची बातमी सगळीकडे झाली होती आणि आज काय ऐकायला मिळतं ह्याची सगळ्यांना उत्सुकता. मागच्या बाकावर ते दोघे. सात वाजले. बातम्या झाल्या. तकरीर सुरू झाली, आणि तो खरा आवाज ऐकताना माझ्या मनात पहिलं काय आलं असेल तर हे, की माझा आवाज ह्याच्यापेक्षा चांगला आहे. मी वाकून सेटच्या मागे पाहिलं. गुलाम रसूल तारेवर अंगठा ठेवून बसला होता. अंगठा पांढरा पडला होता. तो तारेकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. पुढारी दम घ्यायला थांबला. मी बटन फिरवलं.

रस्त्यावरच्या बैलाच्या घुंगराचा आवाजही ऐकू यायला लागला. खाकीवाल्यांतला एक उठून उभा राहिला. "क्यों महाराज? सेट बिगड गया?"

त्यानं स्वतःच मला उत्तर दिलं होतं. हो म्हणायचं, बस्. माणिकप्पा डोळ्यांनी मला तेच सांगत होता. माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो मेळ्यातला नव्हता. कुणी चिमटा काढल्यासारखा बारीक निघाला. "नहीं साब. सेट अच्छा है. ये तकरीर मैं नहीं लगाता."

"नहीं लगाता," त्यानं सावकाश म्हणून पाहिलं. मग दोघांनी आपला बिनदुधाचा चहा शेवटपर्यंत प्यायला. त्याला फार वेळ लागला. जाताना त्यानं भिंतीवरचा रेडिओचा परवाना काढला, चार घड्या घालून खिशात ठेवला आणि म्हणाला, "सुबह थाने पर आना." ते गेले. आमच्या मंडळींतलं कुणीतरी, कोण ते मी पाहिलं नाही, म्हणालं, "मग महाराज, तुम्हीच करा आज." आणि दोन-तीन जण हसले. मला राग आला नाही. त्यांना ती सवय मीच लावली होती. मी कर्णा उचलून आतल्या माळ्यावर टाकला.

बुधवारी सकाळी मी ठाण्यावर जायचे कपडे घालून तयार होतो. चंद्रप्रभेनं पिशवीत घोंगडी आणि दोन भाकरी भरल्या होत्या, आणि गुलाम रसूल, तो कशाला येतोय म्हणून विचारलं तर "तार मी धरत होतो" म्हणून, दुकानाला कुलूप लावून येऊन बसला होता. गुणाबाई नेहमीच्या वेळेला आली. घागर उतरवली, माप बुडवलं आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. मी दुधात बोट बुडवलं नाही. बघायची गरजच नव्हती; घागरीच्या तोंडातून पांढुरकं पाणी दिसत होतं, इतकं तिनं कधीच घातलं नव्हतं.

"बोल की," ती म्हणाली.

"काही नाही. सुनबाई कशी आहे?"

"हाय." ती अजून वाट बघत होती. "पानी हाय त्यात."

"असू दे," मी म्हणालो, आणि चहाचं आधण ठेवलं. हाताला लागतील त्या खिळ्यांवरचे तीन कप काढले.